लेकीला मेंदूचा अभ्यास करायचाय!

या आठवड्याच्या टपालात लोणच्याला बुरशी का येते, मुलं दुधाला तोंड का लावत नाहीत, अशी नेहमीची पत्रं होतीच. त्यांची उत्तरं पुढच्या अंकी देईन. पण केजहून आलेलं एक पत्र वाचलं आणि बाकीची सारी बाजूला ठेवली. नाव छापू नका असं या भगिनीनं बजावलं आहे, म्हणून नाव देत नाही. पत्र मात्र तिच्याच शब्दांत वाचा.

“ताई, माझी थोरली अकरावी सायन्सला आहे. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. वर्षभरापासून सकाळी काय जेवल्या ते त्यांना दुपारी आठवत नाही. पण लग्नात माहेरहून कोणती भांडी आली आणि कुणी दिली ते घडाघडा सांगतात. पोरगी सारखी त्यांच्यापाशी बसते, वहीत काहीबाही लिहून ठेवते. परवा म्हणाली, ‘आई, मला डॉक्टर नाही व्हायचं, मेंदूचा अभ्यास करायचाय. आजीला जुनं आठवतं आणि नवं का आठवत नाही, ते शोधायचंय.’ हे म्हणाले, ‘असलं काही शिक्षण असतं का? नीट दे, नाहीतर बी.एस्सी. कर, तोवर स्थळं बघू.’ ताई, असं शिक्षण खरंच असतं का? किती वर्षांचं? पुढं काय? मी दहावीपर्यंतच शिकलेली. मला यातलं काही कळत नाही, पण पोरीचं पडलेलं तोंड बघवत नाही.”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे या माउलीच्या जिवाला थारा मिळेल. होय बाई, असं शिक्षण असतं! त्याला न्यूरोसायन्स म्हणतात, आपल्या भाषेत मेंदूविज्ञान. आणि तुमच्या लेकीनं विचारलेला प्रश्न पोरकट तर नाहीच, उलट या शास्त्रातल्या अगदी मोठ्या प्रश्नांपैकी तो एक आहे.

आजीचे हात विसरत नाहीत

१९५३ सालची गोष्ट. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला फिट्सचा फार त्रास होता. तो थांबावा म्हणून शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग काढला. त्यातच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग होता. कानाच्या वर, आतल्या बाजूला असतो तो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतलं ते नाव. फिट्स कमी झाल्या, पण भलतंच होऊन बसलं. हेन्रीला लहानपणचं आठवे, आईवडील ओळखू येत, बोलणं-चालणं शाबूत. मात्र नवी गोष्ट काही केल्या मनात टिकेना. आता भेटून गेलेलं माणूस पुन्हा आलं तर ते त्याला नवखंच वाटायचं. २००८ साली तो वारला, तोपर्यंत असंच चाललं.

त्याचा अभ्यास करणाऱ्यांत ब्रेंडा मिलनर ही एक बाई होती. तिनं त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. करून बघा घरी, हात उलटाच जातो! हेन्रीचाही गेला. पण रोज गिरवता गिरवता तिसऱ्या दिवशी त्याला चांदणी सफाईनं जमू लागली. गंमत अशी, की आपण हे पूर्वी कधी केलं आहे हे त्याला मुळीच आठवत नव्हतं! डोकं विसरलं होतं, हात शिकले होते. यावरून शास्त्रज्ञांना उमगलं, की आठवण म्हणजे एकच डबा नव्हे. घडलेल्या गोष्टींची आठवण एका वाटेनं साठते, हाताच्या सवयीची दुसऱ्या वाटेनं.

आता आपापल्या घरातलं आठवा. सकाळचं जेवण विसरणारी आजी भाकरी थापायला बसली, तर काठ फाटू देते का? तिचे हात विसरत नाहीत. तुमच्या लेकीनं वहीत हेच टिपून ठेवलं असेल तर मला नवल वाटणार नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळांतही सुरुवात याच कामानं होते. नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि ‘असं का?’ म्हणून विचारायचं.

डॉक्टर वेगळा, शास्त्रज्ञ वेगळा

पुष्कळ जणींचा इथंच घोटाळा होतो. मेंदूचा डॉक्टर, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट, रोग्याला तपासतो आणि औषध देतो. त्याची वाट नीट परीक्षा आणि एम.बी.बी.एस.मधून जाते. ती सोय आपल्या जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाईला १९७४ साली सुरू झालेलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला ठाऊक आहेच.

मेंदूचा शास्त्रज्ञ रोग्याच्या खाटेपाशी नसतो, तो प्रयोगशाळेत असतो. मेंदू मुळात घडतो कसा, चालतो कसा, बिघडतो कुठं, हे तो शोधतो. जेमतेम सव्वा-दीड किलोचा हा अवयव, पण त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी! वजन शरीराच्या दोन टक्के, आणि आपण खातो त्यातली जवळजवळ वीस टक्के ऊर्जा एकटा फस्त करतो. याच्या अभ्यासाला एकट्या जीवशास्त्रानं भागत नाही. पेशींतून वीज वाहते म्हणून भौतिकशास्त्र लागतं, रसायनं झिरपतात म्हणून रसायनशास्त्र लागतं, आणि हिशेब मांडायला गणित. कुणी उंदराच्या मेंदूवर काम करतं, कुणी माशांवर. पुण्याच्या आयसर संस्थेत झेब्रा फिंच नावाच्या चिमुकल्या पाखरांच्या गाण्याचा अभ्यास होतो. पिल्लू बापाचं गाणं ऐकून गळ्यात कसं उतरवतं, हा प्रश्नही शिकण्याचा आणि आठवणीचाच, नाही का?

आपल्यातलीच एक

“हे सगळं परदेशात होत असेल, आपल्याकडं कुठं?” असं वाटत असेल, तर डॉ. शुभा टोळे यांची हकिगत ऐका. मुंबईत वाढलेली मराठी मुलगी. आई ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानं किंवा अपघातानं अधू झालेल्या माणसाला पुन्हा रोजची कामं करायला शिकवणारी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी लाइफ सायन्सेस आणि जीवरसायन हे विषय घेतले. मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एम.एस. आणि पीएच.डी., आणि त्यापुढं शिकागो विद्यापीठात आणखी संशोधन. १९९९ साली त्या मुंबईला परतल्या आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

त्यांनी शोधलं काय? तो मघाचाच हिप्पोकॅम्पस! आईच्या पोटात गर्भाचा मेंदू घडत असताना हा भाग नेमका त्याच जागी कसा तयार होतो, हा त्यांचा प्रश्न. २००८ साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या भाषेत सांगते. घडत्या मेंदूत पेशींचा एक छोटा पट्टा असतो. तो विरजणासारखा! तो शेजारच्या पेशींना जणू सांगतो, ‘तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा.’ बाकीच्या पेशींनीही विरजण होऊन बसू नये, म्हणून त्यांच्यात एलएचएक्स-२ नावाचं जनुक पहारा देतं. हे जनुक मधे मधे बंद पाडल्यावर काय झालं? नको त्या ठिकाणी विरजण तयार झालं, आणि जिथं जिथं ते पडलं तिथं तिथं शेजारी हिप्पोकॅम्पसचा भाग उभा राहिला! मात्र हे सारं गर्भाच्या ठरावीक दिवसांतच घडतं. वेळ टळली की नाही. विरजण लावायची वेळ साधावी लागते हे आपल्याला कुणी सांगायला नको.

२०१० साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०१४ साली इन्फोसिस पारितोषिक. आणि बरं का, या बाई कथ्थक शिकलेल्या आहेत. पतीही शास्त्रज्ञ आहेत, दोन मुलगे आहेत. शिकली म्हणजे संसार गेला, असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

वाट कशी, किती वर्षांची?

आता वडिलांना समजेल असा हिशेब मांडू. हे कात्रण त्यांच्या हातात द्या.

पहिली पायरी अकरावी-बारावीची. जीवशास्त्र घ्यावं, पण गणित शक्यतो सोडू नये. बारावीनंतर आयसर संस्थांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. तिला आय.ए.टी. म्हणतात. गणित सोडलेल्या मुलीला अर्ज करता येतो, पण परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित अशा चारही विषयांचे प्रश्न असतात. पुण्याची आयसर २००६ साली सुरू झाली. देशात अशा सात संस्था आहेत. तिथं पाच वर्षांत बी.एस. आणि एम.एस. दोन्ही पदव्या मिळतात. याच धर्तीवर नेस्ट नावाची परीक्षा आहे. तिच्यातून भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातलं मूलभूत विज्ञानांचं केंद्र, अशा दोन ठिकाणी प्रवेश होतो.

तिथं नंबर नाही लागला तर? तर रडत बसायचं कारण नाही. बीड, अंबाजोगाई, लातूर, छत्रपती संभाजीनगर, कुठंही चांगली बी.एस्सी. करावी आणि मग एम.एस्सी. विषय प्राणिशास्त्र असो, रसायन असो की भौतिक, मेंदूविज्ञानाचं दार बंद होत नाही. शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलामुलींना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला पाठवतात. त्यासाठी विद्यावेतनही मिळतं. अर्ज आदल्या वर्षीच दिवाळीच्या सुमारास भरावे लागतात. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगीही तो भरू शकते. दोन महिन्यांत तिला हे काम झेपतं का, आवडतं का, ते तिचं तिलाच कळेल. नुसतं ऐकून आयुष्य ठरवण्यापेक्षा हे बरं.

दुसरी पायरी पीएच.डी.ची. तिला पाच-सहा वर्षं धरा. नेटसारख्या राष्ट्रीय परीक्षेतून किंवा संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेतून प्रवेश मिळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरुची निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था, हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. आणि इथं वडिलांना चष्मा लावून वाचायला सांगा. या काळात खर्च घरातून जात नाही, उलट मुलीला पाठ्यवृत्ती मिळते. जे.आर.एफ. मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर ४२,०००. म्हणजे घरातून खर्चाची वर्षं पाचच, बारावीनंतरची. पुढं ती आपल्या पायावर उभी असते.

एकूण बेरीज? अठराव्या वर्षी सुरुवात, अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी पीएच.डी. त्यानंतर पुष्कळ जण आणखी तीन-चार वर्षं दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करतात, तेव्हा कुठं स्वतःची खुर्ची मिळते.

गोड गोड बोलणार नाही

मी सगळं छानच आहे असं सांगून मोकळी होणार नाही. या वाटेवर शिकणारे पुष्कळ, आणि संशोधनाच्या कायम जागा थोड्या. सहा महिने मांडलेला प्रयोग एका दुपारी फसतो. घरापासून लांब राहावं लागतं. आजीच्या प्रश्नाचं उत्तर आजी असेपर्यंत मिळेल, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी एका विसरभोळ्या बाईच्या आजाराची हकिगत १९०६ साली जगापुढं मांडली. तिला शंभरावर वर्षं लोटली, तरी तो आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून हाती आलेलं नाही. म्हणूनच तर तुमच्या लेकीसारख्या पोरी हव्यात! आणि शास्त्रज्ञ नाही झाली, तरी शिक्षण वाया जात नाही. प्राध्यापकी आहे, औषध कंपन्यांचे संशोधन विभाग आहेत.

राहिला लग्नाचा प्रश्न. खरं घोडं अडतं ते इथंच, हे मला पत्रातल्या एका ओळीवरूनच कळलं. ‘तोवर स्थळं बघू.’

रीटा लेव्ही-मोंटालचिनी नावाची एक इटालियन बाई होती. तिच्या वडिलांचंही हेच म्हणणं होतं. बायकांनी शिकलं की त्यांचं संसारात लक्ष लागत नाही! विसाव्या वर्षी तिनं हट्टानं त्यांची परवानगी मिळवली आणि वैद्यकीय शिक्षण घेतलं. १९३८ साली इटलीत ज्यू लोकांविरुद्ध कायदे झाले आणि तिचं विद्यापीठातलं काम बंद पडलं. तर बाईनं आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली! शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली. युद्धात खेड्यात राहायला गेल्यावर शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून अंडी मागायची, आतल्या पिल्लाच्या मज्जातंतूंवर प्रयोग करायचे आणि उरलेल्या अंड्याचं ऑम्लेट! तेव्हा लागलेल्या ध्यासातून पुढं जो शोध लागला, त्यासाठी १९८६ साली तिला नोबेल पारितोषिक मिळालं. सुई आणि अंडं आपल्याही घरात असतं. तिच्याजवळ जास्तीचं होतं ते एवढंच, की तिनं होकार मिळवला आणि मग थांबली नाही.

आपल्या जिल्ह्याबद्दल एक कडू गोष्ट सांगते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. तेव्हाच्या त्या चिमुरड्या आज दहावी-बारावीच्या बाकांवर आहेत, कॉलेजात आहेत. केजची ही पोर त्यांतलीच एक. ज्या जिल्ह्यात मुलगी जन्माला येणंच अवघड होतं, तिथं एक पोरगी आजीच्या उशाशी बसून विचारते आहे की आजीला का आठवत नाही. तिला ‘गप बस’ म्हणायचं का, हे आपणच ठरवायचं आहे.

तर मग काय करायचं?

केजच्या माझ्या भगिनी, तुम्ही दहावीपर्यंतच शिकलात याची खंत करू नका. तुमच्या हातून होण्यासारख्या गोष्टी सांगते.

एक : यजमानांशी भांडू नका, मुदत मागा. ‘बारावीनंतरची पाच वर्षं हिला द्या, तोवर स्थळाचा विषय घरात नको,’ एवढंच म्हणा. दहा वर्षांचा आकडा ऐकून माणूस बिचकतो, पाच वर्षं पदरात घालतो. पाच वर्षांनी लेक स्वतःच्या तोंडानं बोलेल. पाठ्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलीचं म्हणणं घरात वेगळ्या कानानं ऐकलं जातं, हा अनुभव आहे!

दोन : नीट परीक्षा द्यायला हरकत नाही, पण आय.ए.टी.चाही अर्ज भरू द्या. अभ्यास बराचसा तोच. वैद्यकीय शिक्षण घेऊनही पुढं मेंदूच्या संशोधनाकडं वळता येतं, रीटाबाई वळल्याच की. पण एकाच परीक्षेला सारं आयुष्य टांगू नका.

तीन : ती वही जपा. घर झाडताना रद्दीत जाऊ देऊ नका. आजी काय विसरली, काय नाही विसरली, किती वाजता जास्त गोंधळली, हे तारखेसह लिहायला सांगा. मात्र आजीची परीक्षा घेऊ नये, तिला ओशाळं वाटेल असं काही विचारू नये. आजी आधी घरातली वडीलधारी आहे, प्रयोगाचा विषय नाही, हे लेकीला आत्तापासून शिकवा. मोठेपणी माणसांवर संशोधन करताना हाच नियम तिला पाळावा लागेल.

चार : हे सगळ्यांत आधी करा, क्रमानं मागं आलं म्हणून मागं टाकू नका. सासूबाईंना डॉक्टरांना दाखवा. ‘म्हातारपणाचं विसरणं’ म्हणून सोडून देऊ नका. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानं किंवा थायरॉईड बिघडल्यानंही विसरायला होतं, आणि ते साध्या रक्त तपासणीत कळतं. उपचारानं पुष्कळदा सुधारतंही. डॉक्टरांकडं जाताना लेकीला बरोबर न्या, वहीसकट. कधीपासून, काय, किती, हे डॉक्टर विचारतीलच, तेव्हा घरातलं सर्वांत नेमकं उत्तर तिच्याजवळ असेल. आणि वडीलही सोबत असतील तर फार बरं! पोरगी ‘काहीबाही’ लिहीत नव्हती हे त्यांना तिथं आपोआप दिसेल.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असं एखादं ‘असं का?’ रोज विचारलं जात असेल. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, तू शोध आणि मला सांग,’ एवढं म्हटलं तरी पुरे. केजचं काय झालं ते कळलं की याच पानावर सांगेनच.

तुमची,
ताई

ता.क. : लोणच्याच्या बरणीबद्दल लिहिणाऱ्या भगिनींनी तोवर एवढं करावं. बरणी ऊन दाखवून अगदी कोरडी करून घ्यावी, आणि फोडींच्या वर बोटभर तेल आहे ना ते बघावं. बाकीचं पुढच्या अंकी.